खडकाची पैसेवारी

पैसेवारी कशी निघते हे या पानाच्या वाचकांना आम्ही सांगायला नको. शिवार शेकडो एकरांचे, पाहिली जातात चार-दोन शेते, तीही बहुधा सडकेला लागून असलेली. तिथल्या कणसांवरून सगळ्या गावाचा आकडा ठरतो. आकडा ५० पैशांच्या वर गेला की दुष्काळ नाही. मग तुमच्या वावरात कपाशीला बोंड धरले नाही, ज्वारी हुरड्यात येण्याआधीच करपली, त्याला कागदावर जागा नाही. एका वर्षी आम्ही एका साहेबांना विचारले होते, "नाल्यापलीकडची शेते पाहिलीत का?" त्यांनी सरळ उत्तर दिले, "तिकडे गाडी जात नाही."

अंदाज करण्यात पाप नाही. आपण पेरतो तेच मुळी अंदाजावर. पण अंदाजाला मोजमाप म्हणायचे, आणि तो चुकला तर ज्याच्या डोक्यावर फुटणार त्याला आधी काही सांगायचे नाही, ही लबाडी आपल्या ओळखीची आहे. आज लिहायचे आहे ते अशाच एका अंदाजाविषयी. तो पिकाचा नाही, पिकाखाली एक-दीड किलोमीटरवर असलेल्या खडकाचा आहे.

कारखाने आणि वीजकेंद्रे यांच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू, हवेत सोडण्याऐवजी पकडायचा, दाबून पाइपाने न्यायचा आणि खोल खडकात कोंबायचा, अशी ही विद्या आहे. काही ठिकाणी तो नुसता साठवण्यासाठी कोंबतात. काही ठिकाणी म्हाताऱ्या तेलविहिरींतले खडकाला चिकटलेले तेल सुटे करण्यासाठी. नीती आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अहवाल काढला. त्यात २०५० पर्यंत वर्षाला ७५ कोटी टन वायू पकडण्याची भाषा आहे. गुजरातेत भरूच जिल्ह्यात, जुन्या कापसाच्या मुलखात, गंधार नावाचे तेलक्षेत्र आहे. तिथे कोयलीच्या रिफायनरीचा वायू नेऊन जास्तीचे तेल काढायचे, असा करार ओएनजीसी आणि इंडियन ऑइल यांनी २०१९ मध्ये केला. आणि वायू साठवण्याच्या जागांच्या यादीत आपल्या पायाखालच्या काळ्या खडकाचे नाव आहे. म्हणून हा विषय जिल्हा बैठकीच्या पानावर घेतला.

आधी खाली काय होते ते पाहू. साधारण ८०० मीटरांच्या खाली दाब आणि उष्णता इतकी असते की कर्बवायू धड वायू राहत नाही, धड पाणीही होत नाही. वजनाला पाण्याच्या जवळ जातो, पण झिरपतो वायूसारखा. पुरेशा दाबाखाली तो तेलात मिसळला की तेल फुगते आणि पातळ होते. पोळ्याला बैलाच्या शिंगांना लावायचा घट्ट रंग टर्पेंटाइन घातल्यावर सुटतो, तसेच. तेलाबरोबर काही वायू परत वर येतो. तो वेगळा करून पुन्हा खाली सोडतात. असे फिरवत फिरवत बराचसा वायू शेवटी खालीच राहतो.

पण तो खाली कुठे गेला, किती पसरला, कोणत्या फटीने वर यायला बघतो आहे, हे डोळ्यांनी कुणालाच दिसत नाही. म्हणून संगणकात लुटुपुटूचा खडक तयार करतात. त्याला सिम्युलेशन म्हणतात. आपण पाट काढतो आणि पाणी वाफ्यातून वाफ्यात जाते, तसे इथे सगळ्या खडकाचे लाखो वाफे पाडलेले असतात. शेजारी-शेजारी तसेच एकावर एकही. प्रत्येक वाफ्याला आकडे दिलेले असतात: पोकळी किती, पाझर किती, दाब किती, तेल किती, खारे पाणी किती. मग एका कोपऱ्यात वायू सोडायचा आणि संगणक थोड्या-थोड्या काळाने हिशेब करत सांगतो, या वाफ्यातून त्या वाफ्यात किती गेला. दहा वर्षांनी काय, हजार वर्षांनी काय.

हिशेब चोख असतो. शंका आहे ती वाफ्यात घातलेल्या आकड्यांची. खडकाचा खरा नमुना मिळतो तो फक्त विहिरीच्या भोकातून. दोन विहिरींत शेकडो मीटर अंतर, मधला सगळा खडक अंदाजाचा. ज्याने आपल्या विहिरीशेजारी, वीस हातांवर, भावाची विहीर कोरडी गेलेली पाहिली आहे त्याला हे फोडून सांगायला नको.

यावर शास्त्रज्ञांनी उपाय काढला आहे आणि तो अक्कलहुशारीचा आहे. त्या क्षेत्राचा मागचा तीस-चाळीस वर्षांचा इतिहास घ्यायचा. कोणत्या विहिरीतून किती तेल निघाले, किती पाणी निघाले, दाब कसा उतरला. संगणकातला खडक त्या पहिल्या दिवसापासून चालवायचा, आणि त्याचा आकडा खऱ्या आकड्याशी जुळेपर्यंत वाफ्यांचे पाझर कमी-जास्त करायचे. मागचे जुळले की पुढचे खरे धरायचे. यातली गोम अशी की मागचा हिशेब अनेक वेगवेगळ्या रीतींनी जुळतो. ताळेबंद जुळणे आणि हिशेब खरा असणे यात किती अंतर असते, हे सोसायटीच्या कोणत्याही जुन्या सभासदाला विचारा.

आता एक चांगले उदाहरण. कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात वेबर्न नावाचे तेलक्षेत्र आहे. वर कोरडवाहू गव्हाची सपाट शेते, खाली सुमारे १४५० मीटरांवर तेलाचा चुनखडक. १९५४ मध्ये सापडले, साठच्या दशकात भरात आले, मग उतरत गेले. २००० साली तिथे कर्बवायू सोडायला सुरुवात झाली. वायू येतो अमेरिकेतल्या नॉर्थ डाकोटातून, लिग्नाइट कोळशाचा गॅस करणाऱ्या कारखान्यातून, सुमारे ३३० किलोमीटर पाइपाने. या क्षेत्रावर अनेक देशांच्या शास्त्रज्ञांनी बारा वर्षे पाळत ठेवली. त्यांच्या २००४ च्या अहवालात लिहिले आहे की साठवलेल्या वायूपैकी ९८.७ ते ९९.५ टक्के ५००० वर्षे खालीच राहील, याची शक्यता ९५ टक्के. आम्ही या आकड्याची टिंगल करत नाही. उलट त्यांनी खालची मर्यादा सांगितली, वरची सांगितली, आणि आपल्याच खात्रीलाही टक्के लावले. आमच्याकडे आलेल्या कोणत्या सरकारी अंदाजात इतका सच्चेपणा होता?

तरी खडक आपल्याच मनाने वागतो. नॉर्वेच्या समुद्रात स्लाइप्नर इथे १९९६ पासून वर्षाला सुमारे १० लाख टन वायू वाळूच्या थरात सोडत आले. १९९९ मध्ये ध्वनिलहरींनी आत पाहिले तर वायू नऊ पातळ थरांत पसरलेला, आणि सर्वांत वरच्या टोकाला पोहोचलेला. मधले चिकणमातीचे पापुद्रे आधीच्या चित्रात उमटलेच नव्हते. गळती झाली नाही, मॉडेल मात्र पुन्हा मांडावे लागले. त्याच देशात स्नूव्हित इथे २००८ मध्ये सुरुवात केली. दाब अंदाजापेक्षा झपाट्याने चढला आणि २०११ मध्ये वायू दुसऱ्या थरात वळवावा लागला. अल्जीरियाच्या वाळवंटात इन सालाह इथे २००४ पासून सुमारे ३८ लाख टन कोंबले. वरची जमीन वर्षाला पाचेक मिलिमीटर उचलली जात आहे हे उपग्रहावरून दिसले. वरच्या झाकणखडकाबद्दल शंका आल्या आणि २०११ मध्ये काम थांबवले. तिन्ही ठिकाणी मोठे नुकसान झाले नाही, कारण तिन्ही ठिकाणी कोणीतरी मोजत होते. मोजणारे नसते तर संगणक आपल्या चुकीवर खूश होऊन पुढची हजार वर्षे सांगत बसला असता.

वेबर्नकडे परत जाऊ, कारण तिथली पुढची गोष्ट शेतकऱ्याची आहे. जानेवारी २०११ मध्ये तिथल्या एका शेतकरी जोडप्याने जाहीर सांगितले की आमच्या शेतातल्या खड्ड्यांत पाणी बुडबुडते, फेस येतो, जनावरे मेलेली सापडतात. खालचा वायू वर येतो आहे. त्यांनी स्वतः सल्लागार लावून मातीतला वायू तपासला होता आणि कर्बवायू भरपूर निघाला होता. कंपनी म्हणाली, आमचा नाही. आता खरे कोणाचे?

आम्ही शेतकीची पदवी घेतली तेव्हा प्रयोगशाळेत मातीचा श्वास मोजायला शिकलो होतो. माती बरणीत घालायची, शेजारी क्षाराचे पाणी ठेवायचे, मातीतल्या जिवाणूंनी सोडलेला कर्बवायू त्यात शोषला जातो. हवेत कर्बवायू शंभरात ०.०४ भाग, मातीत सहज एक-दोन भाग, आणि ओल्या, दमट, मुळांनी भरलेल्या मातीत त्याहून जास्त. श्रावणात तुमच्या काळ्या रानातही तो भरलेला असतो. म्हणजे मातीत कर्बवायू सापडला एवढ्याने काही सिद्ध होत नाही. त्यात त्या शेतावर आणखी एक गुंता होता. कर्बाच्या ज्या हलक्या-जड खुणांवरून वायूचे मूळ ओळखतात, त्या खुणा कारखान्याच्या आणि मातीच्या वायूत जवळपास सारख्याच निघाल्या. नवल नाही, लिग्नाइट म्हणजे तरी काय, गाडली गेलेली जुनी झाडेच.

तिढा सुटला तो शेतकीच्या एका साध्या गोष्टीने. टेक्सास विद्यापीठाच्या कॅथरिन रोमानाक यांनी रीत काढली: नुसता कर्बवायू मोजू नका, सोबत प्राणवायू आणि नत्रवायूही मोजा. मूळ आणि जिवाणू श्वास घेतात तेव्हा जितका कर्बवायू वाढतो तितका प्राणवायू घटतो. खालून परका वायू घुसला तर तो सगळ्यांनाच ढकलतो, नत्रवायूचाही वाटा घटतो. त्या शेतावर हे मोजले. शिवाय किरणोत्सारी कर्ब तपासला. कोळशाच्या वायूत तो उरलेला नसतो, ताज्या मातीच्या वायूत असतो. डिसेंबर २०११ मध्ये स्वतंत्र संस्थेने निकाल दिला: वायू मातीचाच, खालचा नाही.

हे वाचून कुणी म्हणेल, पाहा, शेतकरी उगाच ओरडले. आम्ही तसे म्हणणार नाही. पायाखाली काय चालले आहे हे ज्याला कुणी समजावून सांगितलेले नाही, त्याच्या शेतात पाणी उकळू लागले तर त्याने ओरडू नये तर काय करावे? आमचा मुद्दा पुढचा आहे. ५००० वर्षांचे सिम्युलेशन हातात असूनही त्या दिवशी ते कंपनीच्या उपयोगी पडले नाही आणि शेतकऱ्याच्याही नाही. वाद मिटवला तो त्या शेतात नळी घालून केलेल्या मोजमापाने. आणि ते मोजमाप तक्रार झाल्यावर, बरीच वर्षे मनस्ताप भोगल्यावर आले.

दुसरी गोष्ट अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातली. २२ फेब्रुवारी २०२० ला सटार्शिया गावाजवळ पावसाने दरड सरकली आणि तेलक्षेत्राकडे कर्बवायू नेणारा २४ इंची पाइप फुटला. हा वायू हवेपेक्षा जड. खळग्यांतून वाहत तो दीडेक किलोमीटरवरच्या गावात उतरला. गाड्यांची इंजिने बंद पडली, माणसे रस्त्यात कोसळली. सुमारे ४५ जणांना दवाखान्यात न्यावे लागले, दोनशेवर लोकांना घराबाहेर काढावे लागले. कुणी दगावले नाही, हे नशीब. २०२२ मध्ये सरकारी चौकशीचा अहवाल आला. पाइप फुटला तर वायू कुठवर पसरेल, याचेही कंपनीकडे संगणकी मॉडेल होते. त्यात पसारा कमी धरलेला होता. सटार्शिया त्या रेघेच्या बाहेर राहिले, म्हणून तिथल्या लोकांना पाइपातून काय जाते, फुटला तर काय करायचे, हे सांगण्याची यादी झाली त्यात त्या गावाचे नावच नव्हते.

"तिकडे गाडी जात नाही" याचे हे अमेरिकन रूप.

तेलाचे गणित थोडक्यात सांगतो, कारण त्यावर वेगळा लेख लागेल. एका पिंपामागे साधारण ०.३ ते ०.६ टन वायू खाली जातो, आणि ते पिंप जाळले की सुमारे ०.४ टन वर येतो. म्हणजे कोणता आकडा धरला यावर वायू गाडला की वाढवला हे ठरते. तेल कंपनीला वायू विकत घ्यावा लागतो, तेव्हा ती संगणकाला विचारते, कमीत कमी वायूत जास्तीत जास्त तेल कसे निघेल? वायू साठवायचा असेल तर प्रश्न नेमका उलटा. खडक तोच, मॉडेल तेच, उत्तर मात्र विचारणाऱ्याच्या खिशाप्रमाणे. अमेरिकेने २०२२ च्या कायद्यात नुसत्या साठवणीला टनामागे ८५ डॉलरपर्यंत आणि तेलासाठीच्या वायूला ६० डॉलरपर्यंत करसवलत दिली. २०२५ च्या कायद्याने नव्या प्रकल्पांना दोन्ही सारखे केले. कापसाला चार पैसे मागितले की बाजार बिघडतो म्हणणाऱ्यांनी हे आकडे भिंतीवर लावून ठेवावेत.

आता आपला खडक. आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी २०२१ मध्ये देशातल्या साठवण-जागांचा हिशेब मांडला. त्यात काळ्या कातळात ९७ ते ३१६ अब्ज टन वायू मावेल असा अंदाज आहे. किमान आणि कमाल यांत तिपटीहून जास्त फरक! पाणाड्याने असे सांगितले असते, "पाणी चाळीस फुटांवर लागेल, किंवा एकशे तीसवर," तर आपण त्याला नारळ दिला असता का? पण अभ्यासकांना दोष नाही. त्यांनी जे कळते ते आणि जे कळत नाही ते दोन्ही लिहिले. दोष पुढे लागतो, जेव्हा असला आकडा मंत्र्याच्या भाषणात जातो आणि किमान आकडा वाटेत गळून पडतो.

काळ्या कातळाची खुबी खरी आहे. त्यातल्या चुना-लोह-मॅग्नेशियमशी कर्बवायू मिळून दगड बनतो, मग गळतीचा प्रश्नच उरत नाही. आइसलँडमध्ये २०१२ मध्ये वायू पाण्यात विरघळवून सोडला. दोन वर्षांच्या आत ९५ टक्क्यांहून जास्त दगड झाला, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. मात्र त्या रीतीने एक टन वायूला सुमारे २५ टन पाणी लागते. म्हणजे पाच-पाच हजार लिटरचे पाच टँकर, एका टनाला. समुद्राचे पाणी वापरण्याचे प्रयोग आहेत. मराठवाड्यात समुद्र नाही. पाण्याशिवायचा प्रयोग अमेरिकेत वॉलूला इथे, आपल्यासारख्याच लाव्ह्याच्या खडकात, २०१३ मध्ये झाला. सोडला फक्त हजारेक टन. दोन वर्षांत सुमारे ६० टक्के दगड झाला असे पुढे मॉडेलवरून काढले. हजार टनांवरून अब्जावर उडी मारायची तर मधली पायरी दाखवा, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या खडकाचा स्वभाव विहीर खणणाऱ्या वडारांना पुस्तकाआधीपासून ठाऊक आहे. वर मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्येच लाल गेरूचा थर, कुठे उभी भेग तर कुठे काहीच नाही. पाणी त्या मांजऱ्यात आणि भेगांतच खेळते. वायू सोडणार तो आठशे मीटर खाली, आपली विहीर साठ फुटांची, बोअर काही शे फुटांची. मधे भरपूर पाषाण आहे, हे मान्य. पण जागोजागी पाडलेली बोअर, सोडून दिलेली, तोंड न बुजवलेली, ती कोणत्या संगणकात आहेत? वेबर्नच्या अभ्यासातही जुन्या विहिरी हीच गळतीची मुख्य वाट धरली होती, आणि तिथे प्रत्येक विहिरीची नोंद होती. आणि ज्या मुलखाने ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट पाहिली, तिथे खडकातला दाब वाढवण्याची गोष्ट निघाली तर लोक दोन प्रश्न जास्त विचारणारच.

आम्ही या विद्येच्या विरोधात नाही. नवे बियाणे असो की नवे यंत्र, शेतकऱ्याने ते घाबरून नाकारावे असे आम्ही कधी म्हटले नाही. पश्चिम टेक्सासात स्करी परगण्यात १९७२ पासून तेलासाठी कर्बवायू सोडतात. वर आपल्यासारखीच कोरडवाहू कपाशी उभी असते, आणि तिथल्या विहिरींचे पाणी तपासून विद्यापीठाने ते या वायूने बिघडले नसल्याचे सांगितले आहे. पण आपल्याकडे जमिनीखालच्या पोकळीचा मालक कोण, हे सातबाऱ्याच्या कोणत्याही रकान्यात नाही. तेल-वायूच्या पाइपासाठी १९६२ चा कायदा आहे. जमीन तुमच्या नावावर राहते, वापराचा हक्क जातो, आणि कायद्यात लिहिलेली भरपाई बाजारभावाच्या १० टक्के. उद्या कर्बवायूच्या पाइपाला हेच माप लावायचे ठरले तर ते ठरण्याआधी बोलायला हवे.

म्हणून मागणी अशी ठेवावी. कुठल्याही तालुक्यात खाली काही सोडायच्या आधी निदान दोन पावसाळे तिथल्या विहिरींचे पाणी आणि मातीतला वायू मोजा, आणि तो कागद ग्रामपंचायतीत लावा. संगणकाचा नकाशा गावसभेत उघडा. कोणते गाव रेघेच्या आत, कोणते बाहेर, आणि रेघ तिथेच का थांबली ते सांगा. सोडून दिलेल्या बोअरची गणती आधी करा. कंपनी निघून गेल्यावर पन्नास वर्षांनी काही झाले तर कोणाच्या दारात जायचे, ते नाव आजच लिहून द्या.

आणि सरकार मोजेल म्हणून थांबू नका. भूजल यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा घेते. तुमची विहीर त्यात असेलच असे नाही. दोरीला दगड बांधून पातळी कुणालाही घेता येते. संक्रांतीला, होळीला, मृगाच्या आधी आणि दिवाळीला, अशी वर्षातून चारदा घ्या आणि तारखेसह वहीत लिहा. वर्षातून एकदा पाण्याची बाटली तपासायला पाठवा. सामू आणि क्षार या दोन आकड्यांचा कागद जपून ठेवा. गावात बंद पडलेली बोअर किती, कुणाच्या गटात, किती फूट, याची यादी तरुण पोरांनी एका रविवारी करावी. पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक तालुक्याने निदान दहा विहिरींची वही घेऊन यायचे ठरले आहे. कोऱ्या वह्या कार्यालयात ठेवल्या आहेत.